पडद्यांच्या आधी औरंगाबादला

नाटक मंडळी गावात येते ती सगळ्यांना दिसते. स्टेशनवर पेट्या उतरतात, पडद्यांच्या लांबलचक गुंडाळ्या बैलगाड्यांवर चढतात, आणि संध्याकाळपर्यंत गावाला कळते की नाटकवाले आले. पण त्याच्या कितीतरी आधी मंडळीतले कोणीतरी मुकाट्याने त्या गावी जाऊन आलेले असते. थेटर किती उंच, पडदा बसतो का, विहिरीला पाणी आहे का, चाळीस माणसांची चूल कुठे पेटवायची, परवाना कोण देतो, हे सगळे त्याने पाहिलेले असते. आमच्या मंडळीत हे काम व्यवस्थापक करत. या वर्षी ते गणपती संपताच दुसऱ्या मंडळीत निघून गेले, आणि त्याच सुमारास आमच्या घरच्यांचा गळा बसला. मंडळीचे मालकही तेच आणि राजाही तेच. नाशिकच्या डॉक्टरांनी महिनाभर तोंड उघडायचे नाही असे बजावले. तेव्हापासून ते पाटीवर लिहून बोलत. पाटीवर लिहून परक्या मुलखात थेटर ठरवता येत नाही, म्हणून मी गेले.

मंडळीत मला सगळे वहिनी म्हणतात. माझे राज्य स्वयंपाकघर, कपड्यांच्या पेट्या आणि आजारी पडलेली माणसे एवढेच होते. सोबत भाऊराव आले. भाऊराव आमच्याकडे राणीची कामे करतात. मिरजेला एका उस्तादांकडे गाणे शिकताना त्यांना उर्दू चांगली येऊ लागली होती, आणि निजामाच्या मुलखात उर्दूवाचून कचेरीचे दार उघडत नाही असे आम्ही ऐकून होतो. आमच्याकडे त्या मुलखाला मोगलाई म्हणतात. मोगलाईत जायचे म्हटल्यावर शेजारच्या बायका अशा बघू लागल्या, जणू मी काशीला निघाले आहे आणि परत येणार नाही.

निघताना यांनी माझ्या हातात एक सुती दोरी दिली. तिला तीन रंगांच्या चिंध्या बांधल्या होत्या. लाल चिंधीपर्यंत पडद्याची उंची, पिवळीपर्यंत रंगमंचाची रुंदी, आणि हिरवीपर्यंत पडदा गुंडाळण्याच्या लाकडी दांड्याची लांबी. पाटीवर लिहिले, ‘बाकी सगळे तुला कळते.’ मला काहीच कळत नव्हते.

औरंगाबाद

मनमाडला मोठी गाडी सोडून निजामाच्या छोट्या गाडीत बसलो. औरंगाबादला उतरल्यावर करोडगिरीवाल्यांनी, म्हणजे तिकडच्या जकातवाल्यांनी, सामान उघडले. भाऊरावांच्या पेटीत गंगावन, कुंकवाचा करंडा आणि सुगंधी तेल निघाले. शिपायाने आधी पेटीकडे आणि मग भाऊरावांच्या मिशा नसलेल्या तोंडाकडे पाहिले. मग चिंध्यांची दोरी निघाली.

“ये क्या है?”

“यह हमारा थिएटर है, हुज़ूर,” भाऊराव म्हणाले.

शिपाई इतका हसला की बाकीचे सामान त्याने पाहिलेच नाही.

गुलमंडीजवळच्या धर्मशाळेत आम्ही उतरलो. हे शहर मला पहिल्याच दिवशी आवडले. भिंतींना जागोजाग दरवाजे, दरवाज्यांना मोठमोठी नावे, आणि दरवाज्याखाली भाजीवाल्या बायका अगदी आमच्या नाशकासारख्या भांडत असतात. भाषा मात्र एका वाक्यात दोनदा कूस बदलते. एक बाई मला म्हणाली, “ले जा बाई, सीताफळं लई गोड हायती, झूट नाय बोलत.” पाणी डोंगरातून जुन्या नहरीने शहरात येते. पाणचक्कीवर ते उंचावरून पडताना पाहिले आणि माझ्या मनात पहिला विचार आला की चाळीस माणसांच्या आंघोळीची सोय झाली. तेव्हा मला कळले की मी खरोखरच व्यवस्थापक झाले आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी थेटर पाहायला गेलो. हे थेटर आमच्या जुन्या व्यवस्थापकांनी तोंडी ठरवून ठेवले होते. दार ढकलून आत पाऊल टाकले तर रंगमंचावर पांढरे कापड ताणलेले आणि मागच्या बाजूला बायस्कोपचे यंत्र जमिनीत बोल्ट मारून पक्के केलेले. थेटरवाला माणूस वाईट नव्हता. त्याने आम्हाला बसवले, पान दिले आणि सांगितले की आता होळीपर्यंत चित्रेच चालणार.

“पण आमचे ठरले होते,” मी म्हणाले.

“ठरवणारे तुमचे ते साहेबच सांगून गेले, बाई, की मंडळी येणार नाही.”

मी उठले आणि बाहेर ओट्यावर येऊन बसले. नाशिकचा मुक्काम संपत आला होता. पुढचे गाव हेच. इथे जागा मिळाली नाही तर मंडळीला दिवाळीत घरी बसावे लागले असते, आणि घरी बसलेल्या मंडळीतून माणसे पाखरांसारखी उडून जातात. एक तर आधीच उडाले होते. भाऊरावांनी समोरच्या दुकानातून माझ्यासाठी पाणी आणले. ते दुकान मंडपवाल्याचे होते, आणि पाण्याबरोबर मंडपवालाही आला.

त्यांचे नाव इस्माईलभाई. लग्नाचे मांडव, उरुसाचे शामियाने, सतरंज्या, बत्त्या, सगळे त्यांच्याकडे भाड्याने मिळे. गिऱ्हाइकाशी मराठी, घरात दखनी, आणि बैलाशी दोन्ही. त्यांनी आमची हकिकत ऐकून घेतली.

“कायकू रडता, बाईसाब?” ते म्हणाले. मी रडत नव्हते, पण त्यांनी तसे गृहीत धरले होते. “त्या थेटरापरीस दुप्पट जागा दावतो. कापसाचं गोदाम हाय. आत्ता रिकामं. दिवाळीच्या नंतर कापूस येतो, मंग सुई ठेवाया जागा नाय. पन एक अडचन हाय.”

“कोणती?”

“मालक पिशोरला ऱ्हातो. आन त्यो नाटकवाल्याला देनार नाय.”

कन्नड आणि पिशोर

तरीही गेलो. इस्माईलभाई स्वतः सोबत आले. ज्या गोष्टीला माणूस स्वतः नाही म्हणतो ती होते का हे पाहायचा त्यांना छंद असावा. कन्नडपर्यंत मोटार होती. वाटेत दौलताबादचा किल्ला उजवीकडून डावीकडे सरकला, खुलताबादच्या चढावर मोटारीला पाणी पाजावे लागले, आणि वेरूळची लेणी रस्त्यावरून नुसती दिसली. उतरायला वेळ नव्हता. लोक कुठून कुठून ती पाहायला येतात, आणि मी त्यांच्या पुढ्यातून कापसाच्या गोदामाचा विचार करत निघून गेले. वाचकांनी गेलात तर उतरावे.

कन्नडला बाजाराचा दिवस होता. तिथे पिशोरच्या एका गाडीवानाची रिकामी बैलगाडी मिळाली. शिवारात बाजरीची कापणी चालली होती. गाडीवानाने हात लांब करून एका बांधावरून चार कणसे मागून घेतली, आणि पुढच्या वस्तीवर एका बाईने ती आम्हाला भाजून दिली. हातावर चोळून फुंकर मारायची आणि गरम दाणे तोंडात टाकायचे. आमच्याकडे बाजरी म्हणजे थंडीतली भाकरी एवढेच मला ठाऊक होते. भाऊरावांनी राणीच्या नजाकतीने एकेक दाणा खाल्ला, तेव्हा ती बाई म्हणाली, “असं चिमणीवानी काय खातासा? बोकाना भरा की!”

पिशोरच्या अलीकडे नाल्यात गाडी रुतली. बैलांनी जोर केला आणि एका बैलाची जुंपणी, म्हणजे त्याला जुवाला बांधणारा दोर, तुटली. गाडीवानाने इकडेतिकडे पाहिले, माझ्या पिशवीतून लोंबणारी दोरी ओढून घेतली आणि मी ‘अहो’ म्हणेपर्यंत बैल जुवाला बांधून टाकला. आम्ही तिघे चिखलात उतरून चाकाला खांदा देत होतो. गाडी निघाली. माझे लुगडे गुडघ्यापर्यंत काळे झाले, इस्माईलभाईंचा एक जोडा नाल्यात राहिला, आणि भाऊराव म्हणाले की मिरजेच्या उस्तादांनी त्यांना या रागाची ओळख करून दिली नव्हती.

गोदामाचे मालक दाजीबा पाटील वयाने साठीच्या पुढचे, उंच, हाडापेराने मोठे. त्यांनी पाय धुवायला पाणी दिले, ओसरीवर घोंगडी टाकली, आणि कामाचे नाव काढू दिले नाही. आधी जेवण. भाकरी, येसर मसाल्याची झणझणीत आमटी आणि लसणाचा ठेचा. इस्माईलभाईंचे आणि पाटलांचे जुने येणेजाणे होते. मालकीणबाई, गयाबाई, वाढत होत्या आणि मला न्याहाळत होत्या.

हात धुतल्यावर मी गोदामाचे बोलले. पाटलांनी मान हलवली.

“नाय. राग मानू नका. पन नाय.”

“कारण कळले तर बरे होईल.”

“मागं एका मंडळीला दिलं व्हतं. लई चांगली मान्सं. पन देव परगट व्हायाचा व्हता, तवा त्यांनी मशालीवर कायतरी फेकलं. भक्कन जाळ झाला. कापसाचा रुवा भिंतीला चिकटल्याला असतो, बाई. नजरंला दिसत नाय. भिंतच पेटली. पूर्वेकडलं खण जळालं. मानूस वाचलं, पन मागं बांधल्याला माझा बैल गेला. त्येचं नाव सोन्या व्हतं.”

मशालीवर जे फेकतात ती राळ. आमच्या नाटकात शेवटच्या अंकात राजा लाकूडतोड्याचा वेष टाकून आपल्याच दरबारात प्रकट होतो, तेव्हा दोन्ही बाजूंनी राळ उडते, उजेडाचा लोळ उठतो आणि त्यातून आमच्या घरचे बाहेर येतात. त्या एका क्षणासाठी लोक दोन दोन वेळा तिकीट काढतात. भाऊरावांनी माझ्याकडे पाहिले. गप्प राहा, असे त्यांच्या डोळ्यांत होते.

मी पाटलांना म्हणाले, “आमचे पडदेही कापडाचेच आहेत. रंग देऊन देऊन ते इतके सुकलेत की ठिणगी पुरे. चाळीस माणसांचे पोट त्या कापडावर आहे. तुम्हाला आगीची जेवढी भीती आहे तेवढीच मलाही आहे. तुम्ही सांगा, काय काय नको?”

पाटलांना बहुधा हे कोणी विचारले नव्हते. ते बराच वेळ बोलत राहिले. मशाल नको. राळ नको. आत विडी नको. तुळया, भिंती आधी झाडून घ्यायच्या, नुसत्या झाडायच्या नाहीत तर ओल्या गोणपाटाने पुसायच्या. गॅसबत्त्या लोखंडी आकड्यांना टांगायच्या, खाली वाळू पसरलेले पत्रे ठेवायचे. पाण्याचे डबे चारी कोपऱ्यांत. मी प्रत्येकाला हो म्हणत गेले.

“राळ नाही,” मी शेवटी पुन्हा म्हणाले, म्हणजे ते मलाही नीट ऐकू यावे.

“वहिनी,” भाऊराव हळूच म्हणाले, “मालकांना विचारल्याशिवाय?”

“मालक बोलत नाहीत सध्या.”

तेवढ्यात आतल्या दाराशी बसलेल्या गयाबाई म्हणाल्या, “बायांना बसाया जागा हाय का तुमच्या नाटकात?”

“करू की.”

“करू न्हवं. हाय का?”

मी खरे सांगितले, की बहुतेक गावी बायका मागच्या बाजूला दाटीवाटीने बसतात, आणि मोगलाईत कशी पद्धत आहे ते मला ठाऊक नाही.

“मंग तिथनंच सुरू करा,” त्या म्हणाल्या. “त्या वक्ताला मान्सं बघून आली, आन आमी घरी बैल गेल्याचं रडत बसलो. ह्या वक्ताला मला बघायचंय.”

पाटलांनी बायकोकडे पाहिले, मग माझ्याकडे. “किल्ली इस्माईलपाशी ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “त्यो आग लागू देनार नाय. त्येचे मांडव बी कापडाचेच हायती.”

गोदामातले लुगडे

परत आल्यावर गोदाम उघडले. जागा खरोखर मोठी होती. दगडी भिंती, उंच झरोके, समोर एक रुंद दार आणि मागच्या बोळात उघडणारे दुसरे. इस्माईलभाईंच्या माणसाने शिडीवर चढून दोरीचे टोक तुळईला लावले आणि दोरी खाली सोडली. लाल चिंधी जमिनीवर लोळली. म्हणजे पडदा तुळईच्या उंचीपेक्षा मोठा. दुसऱ्या तुळईवर पाहिले, तिथेही तेच.

मी वाळूच्या ढिगावर बसले. पिशोरला जाऊन आलो, चिखल तुडवला, राळ गमावून बसले, आणि पडदाच बसत नाही. पडदा कापायचा म्हणजे राजवाड्याचे कळस कापायचे.

भाऊराव दोरी हातात घेऊन उभे होते. ते ती चेहऱ्याजवळ नेऊन पाहत होते. “वहिनी, ही दोरी आपल्याबरोबर आली तेव्हा अशी बारीक नव्हती.”

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. बैलाने ती ओढली होती! सुती दोरी, नाल्यात भिजलेली, आणि रुतलेल्या गाडीचे ओझे. ती ताणली जाऊन लांब झाली होती.

“पण खरे माप कसे काढायचे?” भाऊराव म्हणाले.

दोरी बनवताना मी समोर होते. रंगमंचाची रुंदी यांनी माझ्याच लुगड्याने मोजली होती, कारण ते बरोबर नऊ वार होते. आणि पडद्याची उंची त्याच लुगड्याची दुमड करून वर दोन हात. ते मी विसरले कशी, याचेच आश्चर्य वाटले. धर्मशाळेतून माझे दुसरे, तेवढ्याच वारांचे हिरवे लुगडे मागवले. इस्माईलभाईंच्या माणसाने ते दुमडून तुळईवरून सोडले. गोदामाच्या मधोमध माझे लुगडे लोंबत होते आणि दोन पुरुष त्याच्याखाली हात लावून उरलेले अंतर मोजत होते. इस्माईलभाईंनी लाजून तोंड फिरवले आणि भिंतीकडे बघतच विचारले, “बसतंय का?”

“बसतंय!” भाऊराव ओरडले. “वर वीतभर जागा उरते!”

त्या संध्याकाळी भाऊरावांनी आनंदाने शहागंजात नानखलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, खाल्ला. मी धर्मशाळेत सीताफळांवर ताव मारला. एवढी सीताफळे मी आयुष्यात खाल्ली नव्हती. गर जाड, बिया थोड्या, आणि हाताला पाकासारखा चिकटपणा.

बंगल्यावर

आता परवाना. अर्ज उर्दूत लिहून दिला. कचेरीबाहेर बसणाऱ्या अर्जनविसाला भाऊरावांनी नाटकाची गोष्ट सांगितली, आणि तो ऐकता ऐकता लिहायचे विसरून जाई. तालुकदारसाहेब, म्हणजे आपल्याकडच्या कलेक्टरासारखे अधिकारी, हैदराबादकडचे वृद्ध गृहस्थ होते. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, माझ्याशी बोलताना नजर खाली ठेवली आणि भाऊरावांना म्हणाले की गोष्टीत आक्षेपार्ह काही नाही. पण इतकी गर्दी, त्यात बायका, सगळे एका दारातून. त्यांना ते पसंत नव्हते.

“बायकांसाठी वेगळी जागा करू,” मी भाऊरावांना सांगायला लावले.

साहेब थोडे हसले. “यह बात आप घर में कर लीजिए,” ते म्हणाले. “ज़नाने की बात ज़नाने वाले जानें.”

दुपारी मला साहेबांच्या बंगल्यावर, जनान्यात, बोलावणे आले. आजवर आमच्या कोणत्याही व्यवस्थापकाला या दारातून आत जाता आले नसते. बेगमसाहेबा गादीवर बसल्या होत्या, बाजूला सुना आणि लेकी. त्यांनी मला जवळ बसवले आणि मातीच्या कसोऱ्यात फिरनी दिली. आमच्या मंडळीत अठरापगड जातींची माणसे एका पंगतीला जेवतात, त्यामुळे मला फार विचार करावा लागला नाही. फिरनीला केवड्याचा वास होता.

त्यांना नाटक काय असते ते नीट ठाऊक होते, पण पाहिले कधीच नव्हते. माझ्या मोडक्या हिंदुस्तानीत मी गोष्ट सांगू लागले. राजा राज्य सोडून आपल्याच शहरात लाकूडतोड्या होऊन राहतो, लाकडे विकायला राजवाड्याच्या मागच्या दारी येतो, आणि राणी त्याच्याकडून रोज लाकडे घेते. माझ्या बोलण्यात ‘राजा आती है’ असे काही झाले की सुना तोंडात पदर धरून हसत. पण मग हसू थांबले.

“रानी पहचानती नहीं?” सगळ्यांत धाकटीने विचारले.

“ते,” मी म्हणाले, “वो तो आके देखना पड़ेगा.”

बेगमसाहेबा मोठ्याने हसल्या. मग त्या कामाचे बोलल्या, आणि पाटलांइतक्याच बारकाईने बोलल्या. बायकांचे दार वेगळे हवे, मोठ्या रस्त्यावर नको, डोली थेट आत येईल असे हवे. समोर बांबूच्या कामट्यांची चिक हवी, पण एवढी दाट नको की काही दिसणारच नाही. आणि एकच चिक सगळ्यांना. “शहर की हों या देहात की,” त्या म्हणाल्या. मी त्यांना पिशोरच्या गयाबाईंचे सांगितले होते.

म्हणजे बोळातले मागचे दार बायकांना. पण पडद्यांचे लांब दांडे त्याच दाराने आत येणार होते. पुढच्या दाराशी ते वळलेच नसते. बंगल्यातून परत येताना टांग्यात बसून मी ते सोडवले. सगळे पडदे पहिल्याच दिवशी आत घेऊन वर टांगायचे, मग चिक लावायची, आणि मुक्काम संपेपर्यंत एकही पडदा बाहेर काढायचा नाही. रोजचे नाटक कोणतेही असो, सगळे पडदे वरच. इस्माईलभाई म्हणाले, “तुळया सोसतील.” दुसऱ्या दिवशी परवाना हातात पडला.

मंडळी आल्यावर

मंडळी आली तेव्हा मी स्टेशनवर उभी होते. यांना सगळे सांगितले. जागा, परवाना, बायकांचे दार. ते मान डोलावत राहिले. मग राळेचे सांगितले. त्यांनी पाटी काढली आणि लिहिले, ‘राळ नाही?’ खाली दोन रेघा मारल्या. मग पाटी पिशवीत घातली आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा काढली नाही. न बोलणाऱ्या माणसाने अबोला धरला तर तो कसा कळावा? पण मला कळला.

पहिल्या खेळाच्या दिवशी सकाळी डॉक्टरांचा महिना संपला. शहरातल्या वैद्यांनी गळा पाहून बोलायची परवानगी दिली, मात्र ओरडायचे नाही, ताना घ्यायच्या नाहीत. यांचा पहिला शब्द होता, “राळ नाही आणि आवाज नाही. मी बाहेर येऊ तरी कसा?” आवाज मऊ, जुन्या कपड्यासारखा झाला होता. मी म्हणाले, “नुसते या.”

दिवे लागायच्या सुमारास गोदाम भरले. कन्नडकडून, गंगापूरकडून गाड्या आल्या होत्या. दाजीबा पाटील पुढच्या खुर्चीवर न बसता वाळूच्या पत्र्याशेजारी स्टुलावर बसले होते. चिकेमागे मी बायकांची व्यवस्था बघायला गेले आणि बेगमसाहेबांनी हात धरून मला खाली बसवले. एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला हिरव्या इरकलीतल्या गयाबाई. लग्न झाल्यापासून मी आमची नाटके विंगेतून पाहिली आहेत, पाठमोरी आणि तुकड्यातुकड्यांनी, हातात चहाचे भांडे घेऊन. समोरून कधी पाहिलेच नव्हते.

भाऊराव राणी होऊन आले तेव्हा मी त्यांना ओळखले नाही, एवढेच सांगते.

शेवटच्या अंकात राजवाड्याचा पडदा उघडला. जिथे राळ उडायची तिथे काही झाले नाही. बत्त्या तशाच सूं सूं करत होत्या. एक माणूस डोक्यावरची मोळी खाली ठेवून नुसता उभा राहिला. मग त्याने राणीचे नाव घेतले. मोठ्याने नाही; घरात हाक मारावी तसे. गोदामात इतकी माणसे होती, पण त्याला ऐकण्यासाठी सगळी पुढे झुकली. गयाबाईंनी माझा दंड घट्ट धरला.

“वळीखलं,” त्या कुजबुजल्या. “तिनं वळीखलं बघा.”

बेगमसाहेबांनी चिकेतून डोळे न काढता विचारले, “यह आपके मियाँ हैं?”

“हौ,” मी म्हणाले. तिथल्यासारखेच माझ्या तोंडून निघून गेले.

खेळ संपल्यावर बोळातून डोल्या निघाल्या, गाड्यांचे बैल जुंपले गेले, आणि इस्माईलभाई कोपऱ्या-कोपऱ्यांत पाणी शिंपत फिरले. मी रंगपटात गेले. हे मुकुट काढत होते. चेहऱ्यावरचा रंग अर्धा पुसलेला.

“तू होतीस कुठे?” त्यांनी विचारले. “विंगेत दिसली नाहीस.”

“समोर होते. बायकांत.”

त्यांनी मुकुट खाली ठेवला. त्या मऊ आवाजात, जरा भीत भीत, विचारले, “मग? कसा दिसतो मी?”

इतक्या वर्षांत त्यांनी मला हे विचारायची वेळच आली नव्हती. मी शेजारच्या पेटीवर बसले आणि त्यांना पहिल्या अंकापासून सांगू लागले.